जुने कॉम्प्युटर शाळेला देऊन रायलो, आतल्या विंडोज-ऑफिसच्या लायसन्सचं काय करायचं?

खामल्याचा_आयटीवाला
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात २२ डेस्कटॉप बदलून रायले. काही चौथ्या जनरेशनचे (प्रोसेसरची पिढी, आकडा मोठा तेवढं मशीन नवीन) आय-३, बरेचसे सहाव्याचे आय-५, आणि चारेक आठव्याचे आहेत. सगळे चालू आहेत, माउस-कीबोर्डसकट. भंगारवाल्याले किलोच्या भावात देण्यापेक्षा उमरेड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत द्यायचं ठरलं, मुख्याध्यापकांशी बोलणंही झालं, ते तर गाडी घेऊन यायला तयार आहेत. आता हेड ऑफिसच्या आयटीवाल्यानं मेल टाकला की हार्डवेअर द्या पण सॉफ्टवेअर आपलं नाही, डिस्क पुसून द्या. म्हणजे शाळेत काळी स्क्रीन पाठवायची का? मशीनवर विंडोज १० एंटरप्राइज आहे, ऑफिस आहे, अँटीव्हायरस आहे, दोन मशीनवर हिशेबाचं टॅली पण आहे. यातलं शाळेले कायदेशीर काय देता येते, काय नाही, आणि नाही तर मग त्याच्यावर टाकायचं काय? कोणी असं दिलं असेल तर सांगा. "गुगल करा" नका म्हणू, केलं, आणखी गोंधळ झाला.

बर्डीवाला_हार्डवेअर
भाऊ, तुमच्या हेड ऑफिसवाल्याचं अर्धं बरोबर आहे.

विंडोज तीन वाटांनी येते. एक ओईएम, म्हणजे मशीन विकत घेतलं तेव्हा बनवणाऱ्या कंपनीनं आतच टाकलेलं. हे मशीनला बांधलेलं असते, मशीन ज्याला दिलं त्याच्याकडे सोबतच जाते, मायक्रोसॉफ्टच्या अटींमध्येच तसं आहे, फक्त त्याच मशीनसोबत, वेगळं काढून नाही. दुसरं रिटेल, डब्यातलं किंवा ऑनलाइन घेतलेलं, ते एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर टाकता येते. तिसरं व्हॉल्यूम, हे तुमच्या कंपनीनं केलेल्या करारातलं. तुमचं "एंटरप्राइज" हे त्यातलं. तो करार कंपनीचा आहे, शाळेचा नाही. भाड्याच्या घराचं बक्षीसपत्र करून देता येते का? तसंच हे.

पण एक गोष्ट लोक विसरतात. व्हॉल्यूमचं विंडोज हे कायम अपग्रेड लायसन्स असते, त्याच्या खाली आधी एक पात्र विंडोज पाहिजेच. म्हणजे तुमच्या एंटरप्राइजच्या खाली बहुतेक मशीनमध्ये प्रो चं ओईएम लायसन्स झोपलेलं आहे. ते उठवायचं.

पाहायचं कसं: कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय मारा. त्यात चॅनलच्या जागी व्हॉल्यूम केएमएस क्लायंट (कंपनीच्या सर्व्हरवरून चालू होणारं) किंवा व्हॉल्यूम एमएके (एकाच कीवर अनेक मशीन) दिसलं तर ते कंपनीचं, ओईएम डीएम दिसलं तर मशीनचं. तुमच्याकडे व्हॉल्यूमच दिसणार, त्यावरून घाबरू नका, कारण ही कमांड आत्ता बसलेलं काय ते सांगते. बायोसमधली (मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) की, म्हणजे २५ अक्षरी लायसन्स नंबर, वेगळी पाहा लागते. विंडोज ८ पासून ब्रँडेड मशीनची की स्टिकरवर नसते, बायोसमध्येच एमएसडीएम नावाच्या टेबलात असते. प्रो चा फ्रेश पेनड्राइव्ह लावला की सेटअप ती की आपोआप उचलते.

चौथ्या जनरेशनवाल्यांना मागून-बाजूनं पाहा, विंडोज ७ प्रो चं चौकोनी स्टिकर असेल. २५ अक्षरं बहुतेक घासून गेली असतील.

तर्री_पोहे
कायले एवढी डोकेफोड भाऊ. उमरेडच्या झेडपी शाळेत मायक्रोसॉफ्टवाला येऊन रायला का चेक कराले? अ‍ॅक्टिव्हेटर मारा (लायसन्स नसताना विंडोज चालू करणारं क्रॅक), ऑफिस टाका, पोट्टे गेम खेळतील, खुश. नाहीतर ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत की मिळते, बिलासकट.

बर्डीवाला_हार्डवेअर
ती तीन-चारशेवाली की बहुतेक वेळा कोणत्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम करारातली फुटलेली असते. आज चालते, उद्या ब्लॉक झाली की दुकानदार फोन उचलत नाही. माझ्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी ते बिल घेऊन येते. आणि अ‍ॅक्टिव्हेटर चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करा लागते, तिथेच समजून घ्या की त्याच्यासोबत आत काय काय येते.

उमरेडरोडची_बाई
तर्रीभाऊ, कोणी चेक करायला येत नाही हे खरंय, पण मग निस्तरतं कोण ते पण ऐका. मी झेडपीत शिक्षिका आहे (शाळेचं नाव सांगत नाही, पण ही मशीन आमच्याकडेच येणार आहेत). आमच्या आधीच्या शाळेत एका कंपनीनं असेच कॉम्प्युटर दिले होते, फोटो निघाले, हार झाले, पेपरात आलं. तेव्हा सगळं झकास चालू होतं. सहा महिन्यांनी एकेका मशीनचा वॉलपेपर काळा पडायला लागला आणि कोपऱ्यात "विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा". वर्डमध्ये फाईल उघडे पण टाइप होईना. पोरांना वाटलं त्यांच्या हातून बिघडलं, एक पोरगी तर रडली. कंपनीत फोन लावला तर ज्या माणसानं दिले होते तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला. गावात दुरुस्तीवाला नाही, ज्याला बोलावलं त्यानं दर मशीनमागे पैसे घेऊन कसलंतरी क्रॅक टाकलं आणि मग पेनड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट होऊ लागले. त्याच पेनड्राइव्हवर आमची विद्यार्थ्यांची यादी, आधार नंबर, सगळं.

खामल्याचा_आयटीवाला
ताई, सहा महिन्यांचं कारण आता लक्षात आलं. केएमएसवरचं मशीन १८० दिवसांपुरतंच अ‍ॅक्टिव्हेट होते, मधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला हजेरी लावून ते वाढत जाते. शाळेत तो सर्व्हर नाही, म्हणून १८० दिवस सुरळीत आणि मग काळं. आणि टाइप होत नव्हतं म्हणजे ऑफिस वर्गणीवालं असणार, कंपनीनं त्या माणसाचं खातं बंद केलं की ते फक्त वाचण्यापुरतं उरते.

काळा_कोट
कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. माहीत असताना सॉफ्टवेअरची बेकायदेशीर प्रत कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद, आणि दंड ५० हजार ते २ लाख. आता घाबरू नका, त्याच कलमात पुढे म्हटलंय की वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता फक्त ५० हजारांपर्यंतचा दंड लावू शकते. शाळेच्या मास्तरला तुरुंगात टाकल्याचं मी काही ऐकलं नाही. पण "माहीत असताना" हे शब्द वाचा. देणाऱ्या कंपनीच्या आयटी माणसाला माहीत असते, मुख्याध्यापकाला नसते, आणि साठा मात्र मुख्याध्यापकाच्या सहीनं नोंदवला जातो. हे मला तरी बरोबर वाटत नाही.

तर्री_पोहे
बरं बाबा, क्रॅकचं मागे घेतो. पण मग फुकटात टाकायचं काय ते तरी सांगा, ते फुकटचं लिनक्स मिंट पोट्टे काय ओळखतील 😄

मुक्तस्रोत_नागपूर
मिंटच ओळखतील. लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, २ जीबी रॅमवर उघडते, ४ वर आरामात चालते, २२ नंबरच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. लायसन्सचा प्रश्नच संपतो, कारण ह्या सॉफ्टवेअरची अटच अशी आहे की वापरा, कॉपी करा, शेजारच्या शाळेला वाटा. बाई उद्या हाच पेनड्राइव्ह केंद्रातल्या सगळ्या शाळांत फिरवू शकतात आणि ते कायदेशीर आहे. सोबत लिब्रेऑफिस, चित्रांसाठी टक्स पेंट, लहान पोरांसाठी जीकॉम्प्रिस, वरच्या वर्गांना प्रोग्रॅमिंग शिकायला स्क्रॅच. नेट नसेल तर किविक्स टाकून मराठी विकिपीडिया आख्खा ऑफलाइन ठेवता येतो.

आणि हे काही हौशी लोकांचं खूळ नाही. केरळात शाळांसाठी आयटी@स्कूल हा सरकारी प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, पुढे त्याचं काइट झालं, तिथल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं उबुंटूवर बेतलेली स्वतःची सिस्टीम वापरतात. आपल्याकडे सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स आहे, ते तर पुण्याच्या मुख्यालयवाल्या आपल्याच लोकांचं. आपण मात्र शाळा म्हटली की पायरेटेड विंडोज, असं का ते मला आजवर समजलं नाही.

काटोलचे_गुरुजी
मुक्तस्रोतभाऊ, तुमचा उत्साह दांडगा आहे पण शाळेत दिवस काढा एकदा. पहिली गोष्ट, आमच्या प्रश्नपत्रिका सगळ्या जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये आहेत (तोच फाँट नसला तर मराठी दिसत नाही), लिनक्समध्ये उघडल्या की चिन्हांची भेळ. दुसरी, ऑफिसातला छोटा लेझर प्रिंटर, जो तालुक्यातल्या दर दुसऱ्या शाळेत आहे, त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवता बसवता एका पोराचा रविवार गेला आणि सोमवारी परत बंद. तिसरी, पालक विचारतात एमएस-सीआयटीला जे आहे ते शिकवता का. तिथे विंडोज आणि एमएस ऑफिस आहे, मग मी काय सांगू? सरल, शालार्थ, यूडायस प्लस ही सरकारी पोर्टलं मात्र ब्राउझरमध्ये चालतात, त्याचं काही अडत नाही.

मुक्तस्रोत_नागपूर
गुरुजी, पोरं मराठी शिकतील तर युनिकोडच शिकू द्या ना, इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्ये आतच आहे, पोर्टलवर पण तेच लागते. तुमच्या जुन्या फाँटच्या फाईली फार तर एका मशीनवर राहू द्या. आणि तो फाँट तरी शाळेनं विकत घेतला का? तोही कोणाच्या पेनड्राइव्हमधूनच आला असणार. लायसन्सचं बोलून रायलो तर फाँटचं पण बोलू.

प्रिंटरचं मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काटोलचे_गुरुजी
फाँट हा आमच्या आधीच्या गुरुजींनी ठेवलेला वारसा आहे, त्यावर नो कमेंट 🙏

बर्डीवाला_हार्डवेअर
दोघं भांडा निवांत. मला वाटते सरसकट लिनक्स का सरसकट विंडोज हा प्रश्नच नाही इथे, मशीनगणिक उत्तर वेगळं आहे.

चौथ्या जनरेशनला कायदेशीर विंडोज कोणतं? स्टिकरवर ७, किंवा बायोसमध्ये ८. सातचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले, ८.१ चे जानेवारी २०२३ मध्ये. पूर्वी सात-आठच्या कीवर १० चालू व्हायचं, ती वाट मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. तिथे मिंटच टाका, दुसरं काही करू नका.

सहाव्याला बायोसमध्ये १० प्रो निघेल बहुतेक. लायसन्स शंभर टक्के पक्कं, पण १० चे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि ११ त्यावर अधिकृत चढत नाही, त्याला आठवं जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे. शिक्षण संस्थांना वाढीव सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्ट स्वस्तात देते, पहिल्या वर्षी मशीनमागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४, पण त्यासाठी व्हॉल्यूम करार लागतो, एकटी झेडपी शाळा ते कधी करणार. आठव्यावर मात्र १० प्रो टाकून ११ वर फुकट नेता येते, रॅम ८ करा म्हणजे झालं. गुरुजी म्हणतात तसला प्रिंटर आणि जुने फाँट त्यातल्या एका मशीनला लावा, बाकी लॅब मिंटवर.

खामल्याचा_आयटीवाला
शनिवारी ऑफिसात बसून सगळी मशीन पाहिली. बर्डीवालेभाऊ म्हणाले तसंच निघालं जवळपास. सहाव्याच्या सगळ्यांत बायोसमध्ये १० प्रो ची की आहे, लाइव्ह मिंटच्या पेनड्राइव्हवरून बूट करून ते एमएसडीएम टेबल वाचलं, काही इन्स्टॉल न करता समजते हे भारी आहे. चौथ्याच्या तिनांवर स्टिकर वाचता येते, बाकीच्यांवर विंडोज ८ चं नुसतं निळं स्टिकर, त्यावर कीच नाही.

पण एक नवीन लफडं. आठव्याच्या एका मशीनवर डिस्क पुसून प्रो टाकलं, नेट जोडलं, आणि पहिल्याच स्क्रीनवर आमच्या कंपनीचं नाव आणि "ऑफिसच्या ईमेलनं लॉगिन करा". डिस्क पुसलेली असताना!

बर्डीवाला_हार्डवेअर
ऑटोपायलट. मशीनचा हार्डवेअर हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, मायक्रोसॉफ्टकडे कंपनीच्या नावावर नोंदवलेला आहे. कितीही वेळा फॉरमॅट मारा, नेट दिसलं की ते कंपनीलाच शोधणार. हेड ऑफिसला सांगून त्यांच्या अ‍ॅडमिन पॅनेलमधून सीरियल नंबरवारी काढून टाकायला लावा, देण्याच्या आधीच. शाळेत गेल्यावर कोणी ते करत नाही. बायोसचा पासवर्ड पण काढून घ्या, नाहीतर पेनड्राइव्हवरून बूटच होणार नाही आणि बाई तुम्हाला रात्री फोन करतील.

आणखी एक. दोन बंद मशीनचं मिळून एक चालू करायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, ओईएम लायसन्स मदरबोर्डसोबत राहते. रॅम, डिस्क, एसएमपीएस (पॉवर सप्लाय), काहीही बदला, काही होत नाही. मदरबोर्ड दुसरा बसवला की लायसन्स गेलं. आणि सगळ्यांचे सीमॉस सेल बदलून टाका, तारीख-वेळ धरून ठेवणारा तो बिल्ल्याएवढा सीआर२०३२. जुन्या मशीनचा सेल मेलेला असतो, दर सकाळी तारीख मागे जाते, मग ब्राउझर म्हणते ही साइट सुरक्षित नाही, अ‍ॅक्टिव्हेशन पण अडते, आणि सगळे समजतात व्हायरस आला.

बुटीबोरी_शिफ्ट
मध्येच विचारतो, टॅलीचं कोणी सांगितलं नाही. आमच्या भागातल्या ज्युनिअर कॉलेजला पण दोन मशीन द्यायच्या आहेत, कॉमर्सची पोरं आहेत.

सीए_धरमपेठ
टॅलीचं लायसन्स कंपनीच्या खात्याशी जोडलेलं असते, ते आधी मशीनवरून सरेंडर करा आणि कंपनीकडेच ठेवा, शिवाय डेटाचा फोल्डर पुसा, तुमची बॅलन्सशीट पोरांच्या प्रॅक्टिकलला नको 😀 कॉलेजसाठी टॅलीप्राइम विनालायसन्स एज्युकेशनल मोडमध्ये चालते, फरक एवढाच की व्हाउचर फक्त महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेला टाकता येतात. शिकायला पुष्कळ झालं.

आता देणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण दरवर्षी मार्चमध्ये कोणीतरी विचारतोच. वस्तूरूपात दिलेल्या दानाला आयकरातली ८०जी ची सूट नाही, ती पैशाच्या दानालाच आहे. त्यामुळे शाळेकडून "५ लाखांचे संगणक प्राप्त" असली पावती मागू नका, तुमच्या पुस्तकात त्यांची किंमत आज जवळपास शून्य आहे. जीएसटीचं तुमच्या सीएशी बोलून घ्या, मशीन किती जुनी आणि क्रेडिट घेतलं होतं का त्यावर आहे. पत्र मात्र नक्की द्या.

उमरेडरोडची_बाई
पत्रात काय पाहिजे ते मी सांगते, कारण नंतर ते आम्हालाच काढून दाखवावं लागतं. दर मशीनचा सीरियल नंबर, आत काय टाकलंय, आणि विंडोज असेल तर ते मशीनसोबतचं ओईएम आहे आणि कंपनी ते मशीनसकट शाळेला देत आहे हे एक वाक्य. मिंट असेल तर तसं लिहा. हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाला जोडलं जाईल आणि जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची वही) नोंद होईल.

आणि खरं सांगू का, नोंद झाली की आम्हाला ती वस्तू फेकता येत नाही. निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून काढून टाकायचा) प्रस्ताव, पंचायत समिती, मंजुरी, तोवर एक खोली अडून राहते. आमच्याकडे आधीच्या दानातले डबे अजून आहेत, त्यावर पोरं दप्तर ठेवतात. म्हणून जे चालत नाही ते कृपया देऊ नका, चौथ्यातल्या पाच-सहा मशीन रडतखडत चालत असतील तर त्या तुमच्याकडूनच नोंदणीकृत ई-वेस्टवाल्याकडे जाऊ द्या. आम्हाला १२ चांगल्या मिळाल्या तरी २२ पेक्षा बऱ्या.

काटोलचे_गुरुजी
बाईंना शंभर टक्के अनुमोदन. दान देणाऱ्याला आकडा मोठा पाहिजे असतो.

खामल्याचा_आयटीवाला
हे वाचून एचआरशी बोललो, बॅनरवर २२ लिहायचं होतं त्यांना, थोडी तोंडं वाकडी झाली पण ऐकलं. आता असं: सहाव्याच्या सगळ्यांवर मिंट, लायसन्स असूनही, कारण अपडेट बंद झालेलं विंडोज नेटवर शाळेत सोडायची माझी इच्छा नाही. ओईएमची नोंद पत्रात राहील, उद्या बाईंना विंडोज टाकायचंच असेल तर हक्क त्यांचा. आठव्याच्या चारांवर ११ प्रो, लिब्रेऑफिस, एक त्यातली ऑफिसच्या कामाला. चौथ्यातल्या ज्या धड आहेत त्याच जातील. एमएस ऑफिस कुठेच नाही, अँटीव्हायरसची की कंपनीकडे परत, विंडोजवर त्याचाच डिफेंडर अँटीव्हायरस आहेच. हेड ऑफिसनं ऑटोपायलटमधून सीरियल काढायला होकार दिला, यादी पाठवली.

डिस्क एनवाइप नावाच्या पुसायच्या टूलनं पुसून रायलो, एक पास, म्हणजे एकदाच, तेवढ्यावर हेड ऑफिसचं समाधान आहे.

मुक्तस्रोत_नागपूर
मिंट टाकायला मी येतो, सोबत दोन पोरं आणतो. एका मशीनवर सगळं बसवून त्याची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढू, बाकीच्यांवर तीच उतरवू, एका दिवसाचं काम आहे. इमेज बाईंकडे पण ठेवू म्हणजे बिघडलं तर पेनड्राइव्ह लावून परत जसंच्या तसं. गुरुजी, तुम्ही पण या, तुमच्या प्रिंटरशी मला एकदा समोरासमोर भेटायचंच आहे.

काटोलचे_गुरुजी
येतो, पण प्रिंटर पिशवीत घालून आणतो, मग पळून जाऊ नका.

उमरेडरोडची_बाई
शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्याआधी झालं तर बरं, नाहीतर पटनोंदणी आणि पुस्तकवाटपात कोणी लक्ष देणार नाही. खोलीतलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून ठेवायला मी मुख्याध्यापकांना सांगते, मागच्या वेळी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. यूपीएस देऊन रायले का?

खामल्याचा_आयटीवाला
यूपीएस आहेत पण बॅटऱ्या बसलेल्या. नवीन टाकायला मंजुरी मागितली आहे, मिळाली तर देतो, नाहीतर ते पण देत नाही.

तर्री_पोहे
छोटा हत्ती माझ्या मावसभावाचा आहे, डिझेल टाका फक्त. सकाळी सहाले निघू, नंतर उन्हात मशीन अन् माणसं दोन्ही बसतात. नाश्ता माझ्याकडून.